दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीसाठी स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या: काय बघून घ्याव्यात?

जुनी चौकट

नमस्कार. घरातल्या लाकडी दारांच्या आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या बदलायच्या आहेत. सगळ्या लोखंडी आहेत आणि त्यांच्यावर रंगाचे थरावर थर बसलेत. न्हाणीघराच्या दाराच्या खालच्या बिजागरीचे गंजून पापुद्रे सुटलेत, बाहेरचं मोठं दार उंबऱ्याला घासतंय आणि खिडक्यांच्या झडपांवर स्क्रूंभोवतीचं लाकूड काळं पडलंय. चौकटी आणि दारं मात्र ठणठणीत आहेत, म्हणून फक्त बिजागऱ्याच बदलायच्या आहेत.

या वेळी स्टेनलेसच्याच लावायच्या हे नक्की. पण एकाच मापाच्या, दिसायला हुबेहूब सारख्या चार-पाच समोर येतात. कुणी २०२ म्हणतं, कुणी ३०४, कुणी नुसतंच 'एसएस'. लोहचुंबक लावून बघावा तर तोही कुठे चिकटतो, कुठे नाही. नेमकं काय तपासायचं? जाडी किती हवी? एका दाराला दोन पुरतात की तीन लागतात? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओळंबा

बिजागरी घेण्याआधी जुनी का गेली ते बघा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

बाहेरचं दार अर्धं उघडा, कडी-कुलपाच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि दुसऱ्या कुणाला तरी वरच्या बिजागरीकडे निरखून बघायला सांगा. बिजागरीची पट्टी लाकडातून हलत असेल तर स्क्रूंची भोकं सैल झालीत. पट्टी घट्ट आहे पण दोन पट्ट्या एकमेकींत वरखाली-आडव्या हलतात, तर पिन आणि ती जिच्यात फिरते ती नळी झिजलीय. दोन्ही पक्क्या आहेत आणि तरी दार घासतंय, तर चौकटीला ओळंबा लावून बघा, ती एका अंगाला कललेली असणार. पहिल्या प्रकारात नवी बिजागरी जुन्याच भोकांत बसवली तर थोड्या दिवसांत दार परत खाली बसतं आणि लोक बिजागरीला दोष देतात. तिसऱ्या प्रकारात कितीही महागडी आणा, फरक पडणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मला बाहेरच्या दारात भोकं सैल झाल्याचा संशय जास्त आहे. तपासून कळवा.

धातुरंग

प्रतीबद्दल, म्हणजे २०२, ३०४ हे आकडे स्टेनलेसचे जे प्रकार दाखवतात त्यांबद्दल, मी लिहितो.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो आपोआप पुन्हा भरून येतो. त्यासाठी पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. बिजागऱ्यांमध्ये चार प्रती भेटतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, ज्यामुळे ती मिठाचा मारा जास्त सोसते. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच.

आता लोहचुंबक. ४३० ला तो ठणकून चिकटतो. मुलामा दिलेल्या साध्या लोखंडालाही तसाच. त्यामुळे पट्टीच्या सपाट भागाला जोरात चिकटला तर ती ३०४ नाही, एवढं नक्की. पण न चिकटला तर ३०४ आहे असं मुळीच सिद्ध होत नाही, कारण २०२ लाही तो चिकटत नाही. आणि नळीपाशी, म्हणजे जिथे पत्रा थंडच वळवलेला असतो तिथे, अस्सल ३०४ लाही थोडा ओढ घेतो. थंड अवस्थेत वाकवल्याने या पोलादाची आतली रचना काही प्रमाणात बदलते आणि ते किंचित चुंबकीय होतं. तुम्हाला 'कुठे चिकटतो, कुठे नाही' असं दिसलं ते बहुधा यामुळेच.

२०२ आणि ३०४ वेगळे ओळखायला मँगनीज तपासणारं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की २०० मालिकेचं स्टेनलेस लाल रंग दाखवतं. बऱ्याच बिजागऱ्या एकदम घ्यायच्या असतील तर ही तपासणी करून घ्याच.

उंबरठा

छान चर्चा. एक साधा प्रश्न: २०२ इतकी वाईट आहे का? घरातल्या खोल्यांच्या दारांना पाणी लागतच नाही.

ओळंबा

वाईट नाही. कोरड्या खोलीत जाड पट्टीची, नीट घडवलेली २०२ मला पातळ ३०४ पेक्षा कधीही चालेल. वजन पट्टीची जाडी आणि पिन पेलतात. प्रत फक्त गंजाशी लढते.

धातुरंग

आतल्या कोरड्या दारांपुरतं मान्य. पण एक अट घालतो: २०२ असेल तर ती २०२ म्हणूनच घ्यावी. ३०४ च्या नावाखाली घेतलेली २०२ न्हाणीघरात किंवा बाहेरच्या खिडकीला लागते आणि तिथे डाग धरते. शंका असेल तिथे छापील प्रत आणि बिल यांचा आग्रह धरा.

न्हाणीघराबद्दल आणखी एक. फरशी साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यातलं क्लोराइड तो संरक्षक थर भोसकतं आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. प्रत्यक्ष शिंतोडे उडायलाही नकोत, बंद न्हाणीघरात साठलेली वाफही पुरते. ३०४ काय, ३१६ सुद्धा यातून सुटत नाही. हे द्रावण वापरणं टाळता येत नसेल तर लगेच भरपूर पाण्याने बिजागऱ्या धुवा आणि दार उघडं ठेवा.

पागोळी

आम्ही समुद्राच्या अगदी जवळ राहतो, म्हणून थोडं लिहिते. खारी हवा असेल तर बाहेरच्या दाराला आणि खिडक्यांना ३१६ शिवाय दुसरा विचार करू नये. आणि ३१६ लावली म्हणजे विसरून जाता येतं असंही नाही. तिच्यावरही चहाच्या रंगाचे तपकिरी डाग येतात. ते वरवरचे असतात, मजबुतीला धक्का लागत नाही, पण दिसायला वाईट.

आमच्याकडे गंमत अशी दिसते की पावसाचे थेट सपकारे खाणाऱ्या झडपांच्या बिजागऱ्या स्वच्छ राहतात आणि छज्जाखाली सुरक्षित असलेल्यांवरच डाग येतात. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहतं. त्यामुळे आडोशाच्या बिजागऱ्या अधूनमधून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात. खरबरीत मॅट फिनिशपेक्षा गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर मीठ कमी अडकतं, निवडताना हेही बघा.

डाग काढायला लोखंडी घासणी अजिबात नको. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजायला लागतात.

धातुरंग

पागोळी, अगदी बरोबर. घरात ग्राइंडरने लोखंड कापताना उडणाऱ्या ठिणग्यांचंही असंच होतं. ग्रिलचं काम चालू असेल तर बिजागऱ्या कागदाने झाका.

उंबरठा

स्क्रू सोबत येतात तेच वापरायचे ना?

ओळंबा

सरसकट नाही! या धाग्यात माझं एकच म्हणणं लक्षात ठेवायचं झालं तर ते स्क्रूबद्दलचं ठेवा. लोक बिजागरीवर खर्च करतात आणि तिला मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू लावतात. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला दुबळा झिजतो. इथे मोठी स्टेनलेस पट्टी आणि इवलासा लोखंडी स्क्रू, म्हणजे सगळी झीज त्या इवल्याशा स्क्रूवर. पट्टी नव्यासारखी चमकत राहते आणि मागे स्क्रूची मान कुजून दार एक दिवस हातात येतं.

स्क्रूच्या पाकिटावर किंवा डोक्यावर ए२ लिहिलेलं असेल तर ते ३०४ च्या वर्गातलं, ए४ म्हणजे ३१६ च्या. बिजागरी ३१६ घेतली तर स्क्रूही ए४ घ्या.

आता स्टेनलेस स्क्रूचा स्वभाव. ते कडक केलेल्या स्क्रूंपेक्षा मऊ असतात. सागवानासारख्या टणक लाकडात भोक न पाडता पिळले तर डोकं तुटून हातात राहतं आणि उरलेला दांडा लाकडात. म्हणून आधी बारीक भोक पाडायचं. ८ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिलिमीटरचा असतो, त्याला टणक लाकडात ३ मिलिमीटरचं भोक चालतं. मग त्याच मापाचा एक साधा लोखंडी स्क्रू मेण लावून पूर्ण आत नेऊन परत काढायचा, म्हणजे आटे पडतात. शेवटी स्टेनलेसचा स्क्रू हाताने बसवायचा. मेणच लावा, साबण नको, तो ओलावा धरून ठेवतो.

स्क्रूचं डोकं पट्टीतल्या खळग्यात पूर्ण बुडतंय ना, हे घेतानाच बघा. डोकं वर राहिलं तर दार मिटताना दोन पट्ट्या त्याच्यावर अडकतात आणि दर वेळी सगळे स्क्रू उपटायला लागतात.

जुनी चौकट

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाहेरचं दार उचलून पाहिलं. पट्टीच लाकडातून हलतेय, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते फिरतात. दार सागवानी आहे, २.१ मीटर उंच, ९० सेंटीमीटर रुंद, ३५ मिलिमीटर जाड. सध्या दोनच बिजागऱ्या आहेत. खिडक्यांवरच्या काळ्या डागांबद्दलही कुणी सांगेल का? लाकूड कुजलंय का?

धातुरंग

टोचणीने टोचून बघा. कडक असेल तर कुजलेलं नाही. लाकडातलं टॅनिन आणि स्क्रूचं लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन तो काळा रंग येतो. जुन्या काळी लिहायची काळी शाई याच रसायनातून बनवायचे. स्टेनलेस लावल्यावर नवे डाग पडणार नाहीत. जुने ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिकट होतात, पण ते विषारी असतं, हातमोजे घाला आणि नंतर लाकूड नीट धुऊन सुकू द्या.

ओळंबा

तुमच्या दाराचा हिशेब मांडू या, कारण मापं ठरवायला तोच उपयोगी पडतो.

२.१ गुणिले ०.९ गुणिले ०.०३५ म्हणजे सुमारे ०.०६६ घनमीटर लाकूड. सागवानाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास धरलं तर दार ४३ किलोचं झालं. हे वजन दाराच्या मधोमध, म्हणजे बिजागऱ्यांपासून ४५ सेंटीमीटरवर लोंबतं. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात १६० सेंटीमीटर अंतर असेल तर ४३ गुणिले ४५ भागिले १६०, म्हणजे सुमारे १२ किलोच्या जोराने वरची बिजागरी चौकटीतून बाहेर खेचली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. अंतर १२० केलं तर हाच जोर १६ किलोवर जातो. म्हणून बिजागऱ्या मध्याकडे सरकवू नयेत. आणि म्हणूनच वरचे स्क्रू आधी सैल होतात, खालचे नाही. त्यात कुणी दाराला लोंबकळलं, वाऱ्याने दार आपटलं की हा जोर किती तरी पटींनी वाढतो.

तुम्हाला तीन बिजागऱ्या लागतील. तिसरी बरोबर मध्ये लावली तर दार पुढे-मागे बाक धरत नाही. वजनदार दाराला ती वरच्या बिजागरीच्या खाली साधारण २०-२५ सेंटीमीटरवर लावली तर खेच दोघींत वाटली जाते. तुमचं दार जुनं, मुरलेलं आहे, बाक धरायचं वय गेलं, तेव्हा मी वरच लावेन. तिघींच्या पिना मात्र एका सरळ रेषेत आल्याच पाहिजेत. दोरी ताणून बघा. एक जरी केसभर बाहेर असेल तर दार कुरकुरतं आणि ती पिन वेगाने झिजते.

माप ५ इंची, पट्टी ३ मिलिमीटर. आतल्या दारांना ४ इंची पुरे, खिडक्यांच्या झडपांना ३ इंची. जाडी लेबलवर विसंबून घेऊ नका. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर वजन करा. ४ बाय ३ इंची बिजागरी उघडून सपाट केली की १०० बाय ७५ मिलिमीटर. पत्रा ३ मिलिमीटरचा असेल तर तेवढ्या पट्ट्यांचंच वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या वर भरतं, नळी आणि पिन वेगळी. पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर सव्वाशेच्याही खाली. तराजू खोटं बोलत नाही.

उंबरठा

फिरणाऱ्या स्क्रूंच्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरतात तसं चालेल?

ओळंबा

हलक्या झडपेला चालून जाईल, ४३ किलोच्या दाराला नाही. सैल भोक १० किंवा १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करा आणि त्यात टणक लाकडाची बुच गोंद लावून ठोका. बुच अशी कापा की तिचे रेषे चौकटीच्या रेषांच्याच दिशेने जातील. बाजारात मिळणाऱ्या गोल खुंटीत रेषे लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे स्क्रू रेषांच्या टोकात शिरतो आणि तिथे पकड कमी मिळते. गोंद रात्रभर सुकू द्या, बुच पटाशीने सपाट करा, मग नवं भोक पाडा.

नव्या बिजागरीची भोकं जुन्या भोकांवर अर्धवट येत असतील तर सगळ्यात त्रासाचं. स्क्रू घसरून जुन्या भोकात शिरतो. अशी सगळी जुनी भोकं आधी बुजवाच. आणि घेताना ज्या पट्टीवर भोकं एका ओळीत नसून तिरपी-आळीपाळीने आहेत ती घ्या, लाकूड एका रेषेत चिरत नाही.

झडप

लाकडाचं सगळं आलंय. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांबद्दल लिहिते, कारण हा धागा शोधत येणाऱ्यांना तेही लागेल. तिथे साधी बिजागरी नसते, घडीच्या पट्ट्यांची फ्रिक्शन स्टे असते. झडप कुठेही उघडून ठेवली तरी ती घर्षणाने तिथेच थांबते. बदलताना आधी ठरवा की झडप बाजूने उघडते की खालून. दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी लावू नये. मग लांबी मोजा. मग मिटलेल्या अवस्थेत पट्टीची एकूण उंची. ती १३ आणि १७ मिलिमीटर अशा दोन मापांत सर्रास मिळते. १३ च्या जागी १७ आणली तर झडप मिटत नाही, उलट केलं तर रबर दाबलं जात नाही आणि पाणी आत येतं. जुनी पट्टी काढून सोबत नेणं सगळ्यात उत्तम.

झडप वाऱ्याने आपोआप मिटत असेल तर लगेच बदलू नका. सरकणाऱ्या तुकड्यात बहुतेक वेळा घर्षण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, तो थोडा आवळून बघा. रिव्हेटच सैल झाले असतील तर मात्र नवी, आणि ती नेहमी जोडीनेच.

ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्क्रू चालतात, तिथे झीज मोठ्या ॲल्युमिनियमवर पसरते. पण खाऱ्या हवेत मध्ये नायलॉनचा वॉशर घातलेला बरा.

पागोळी

ओळंबा, स्टेनलेसच्या बिजागऱ्या थोड्याच काळात करकरायला लागतात आणि नळीतून काळी भुकटी पडते, ते का? तेल घालून तात्पुरतंच थांबतं.

ओळंबा

स्टेनलेस स्टेनलेसवर घासलं की ते एकमेकांना खरवडतं, कधी कधी अडकूनही बसतं. ती भुकटी म्हणजे झिजलेला धातूच. त्यामुळे नळीच्या तुकड्यांच्या मध्ये नायलॉनचे वॉशर किंवा बॉल बेअरिंग असलेली घ्यावी, निदान रोज शंभरदा उघडणाऱ्या दाराला तरी. लावलेली असेल तर पिन निघत असल्यास काढून पुसा आणि सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचं वंगण लावा. पातळ तेल धूळ धरतं.

पिनेला लोहचुंबक नक्की लावून बघा. पट्ट्या स्टेनलेसच्या आणि पिन साध्या लोखंडाची, असा प्रकारही असतो. ठणकून चिकटला तर ती बिजागरी ओल्या जागी नको.

उंबरठा

आणि दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर? पिना बाहेर येतात, कुणीही ठोकून काढेल.

ओळंबा

खरं आहे. तिथे दोन्ही टोकं बंद असलेली, पिन न निघणारी बिजागरी घ्या. शिवाय दाराच्या बिजागरीकडच्या कडेला एक-दोन पक्के खुंट बसवा, दार मिटल्यावर ते चौकटीतल्या भोकात शिरतात. मग पिन कापली तरी दार निघत नाही.

जुनी चौकट

वाचून ठरवलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. बाहेरच्या दाराला ३०४ च्या तीन, ५ इंची, ३ मिलिमीटर, बेअरिंगवाल्या. न्हाणीघराला ३०४, आणि फरशीचं ते द्रावण बंद. आतल्या दारांना २०२ पण जाड. खिडक्यांना ३०४, ३ इंची. स्क्रू सगळीकडे ए२. आम्ही समुद्रापासून लांब आहोत, त्यामुळे ३१६ घेत नाही.

धातुरंग

योग्य आहे. खिडक्यांच्या खाचांत पट्टी बसवण्याआधी उघड्या लाकडाला वार्निशचा हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. पट्टीमागे पाणी अडकून राहिलं तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेस नेमकं तिथेच खायला लागतं.

ओळंबा

न्हाणीघराची खालची बिजागरी जमिनीपासून २५ सेंटीमीटरच्या खाली ठेवू नका, शिंतोडे कमी लागतील.

बाहेरचं दार उतरवायची गरज नाही. दाराखाली पाचर ठोकून ते मूळ उंचीवर आणा आणि एका वेळी एकच बिजागरी बदला, बुचांचा गोंद सुकेपर्यंत पाचर काढू नका. जुन्या लोखंडी पट्टीची जाडी मोजून ठेवा. नवी पातळ असेल तर खाचेत तेवढ्या जाडीचा प्लास्टिकचा तुकडा घाला, जाड असेल तर खाच पटाशीने तेवढीच खोल करा, जास्त नाही. पट्टी लाकडात बुडाली तर दार मिटताना चौकटीला आधी टेकतं आणि उसळून परत येतं. सुरुवात वरच्या बिजागरीपासून करा.